बाबांची पद्मिनी पुण्याहून रेडिंगला: कामाच्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२३

इंग्लंडमधल्या रेडिंगची नोकरी पक्की झाली, पुढच्या मेमध्ये निघायचंय. घरात दोन गाड्या. एक आमची २०१९ ची बलेनो आणि दुसरी बाबांची प्रीमियर पद्मिनी, १९८१ ची, स्टेअरिंगला गिअर असलेली. बाबा आता शहात्तरचे, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवत नाहीत, फक्त दर रविवारी सकाळी स्टार्ट करून दहा मिनिटं सोसायटीच्या गेटपाशी उभी करतात. काल जेवताना ते एवढंच म्हणाले, तू गेल्यावर हिला कोण बघणार, आणि उठून गेले. रात्री नवऱ्याशी बोलले. दोन्ही नेता येतील का बघू, एकच नेता आली तर कुठली ते आकडे बघून ठरवू असं ठरलंय. पण मनात कुठली आहे ते दोघांनाही माहितीये.

सगळं लिहून ठेवतेय कारण असं काम केलेलं ओळखीत कोणी नाही, मग पुढे कोणाला लागलं तर तारखांसकट असावं.

२३ सप्टेंबर २०२३

चार रात्री बसून यूकेचे नियम वाचले. जे कळलं ते मला वाटलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं निघालं.

वाटलं होतं नवी गाडी सोपी, जुनी अवघड. पण तिकडे दहा वर्षांच्या आतली गाडी बाहेरून आणली तर तिथल्या नियमांत ती बसते हे सिद्ध करावं लागतं, आपल्याकडच्या मॉडेलला ते सर्टिफिकेट नसतं म्हणून मग स्वतंत्र तपासणी, त्यात दिवे काच धूर सगळं बघतात आणि जे बसत नाही ते बदला. बलेनो तर मारुतीने इथे बनवून यूकेत विकलेलीसुद्धा आहे, तरी इथल्या ग्राहकाला विकलेली गाडी म्हणजे कागदावर वेगळी गाडी. दहा वर्षांच्या वरच्या गाडीला ही तपासणी लागत नाही. आणि चाळीस वर्षांच्या वर गेली की तिला हिस्टॉरिक धरतात, रोड टॅक्स शून्य, दरवर्षीची एमओटी म्हणजे गाडीच्या फिटनेसची तपासणी सक्तीची नाही (गाडीत मोठा बदल केलेला नसेल तर), लंडनच्या युलेझ झोनचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना भरावे लागतात ते) पैसेही नाहीत. आपण आणि ते दोघं डावीकडून गाडी चालवतो त्यामुळे स्टेअरिंग उजवीकडेच, हेडलाइटचा झोतही बरोबर बाजूला पडतो.

म्हणजे बेचाळीस वर्षांची पद्मिनी चार वर्षांच्या बलेनोपेक्षा सोपी. बाबांना सांगितलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले टायर बदलावे लागतील.

४ ऑक्टोबर २०२३

आज सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हाती लागली, मोठ्या अक्षरांत लिहिते: गाडी माझ्या नावावर हवी आणि निघायच्या आधी किमान सहा महिने हवी.

कारण असं, कायमचं राहायला जाणाऱ्याला घरचं सामान ड्युटी आणि व्हॅट न भरता नेता येतं, त्यात गाडीही येते. त्याचा अर्ज टीओआर१. अटी तीन-चार आहेत पण नेमक्या आहेत. त्याआधी सलग बारा महिने तुम्ही यूकेच्या बाहेर राहत असायला हवं, वस्तू सहा महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात हवी, तिकडे गेल्यापासून बारा महिन्यांत ती पोचायला हवी, आणि पोचल्यावर बारा महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कोणाला उसनी पण द्यायची नाही. ही सूट नसेल तर साध्या गाडीला दहा टक्के ड्युटी आणि वर वीस टक्के व्हॅट, तोही किंमत अधिक जहाजभाडं अधिक ड्युटी या सगळ्यावर. तीस वर्षांच्या वरच्या मूळ स्थितीतल्या गाडीसाठी पाच टक्क्यांचा वेगळा रस्ता आहे पण सूट मिळत असेल तर तो कशाला धरायचा.

गाडी बाबांच्या नावावर आहे. मे मधून सहा महिने मागे मोजले तर नोव्हेंबर. म्हणजे हातात एक महिना. हे मी जानेवारीत वाचलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

९ ऑक्टोबर २०२३

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर बाबांच्या सह्या घेतल्या. सही करताना हात थरथरत होता त्यांचा, ते वयामुळे असं आई म्हणाली. १९७६ मध्ये आजोबांनी पैसे भरून नंबर लावला होता, पाच वर्षांनी गाडी मिळाली, तोवर आजोबा गेले होते, मग बाबांच्या नावावर बिल झालं. तेव्हा अशीच वाट बघायला लागायची, नंबर लागला की पेढे वाटायचे लोक. ते डिलिव्हरीचं बिल, नंबर लागल्याचं पत्र, पहिल्या सर्व्हिसची पावती, सगळं बाबांनी एका निळ्या फाइलमध्ये ठेवलंय. फाइल माझ्या ताब्यात दिली आज.

२० ऑक्टोबर २०२३

आरसी माझ्या नावावर झाली. तारीख आजची. २० एप्रिलला सहा महिने पूर्ण होतात, आम्ही १४ मेला निघतोय. सुटले.

३१ ऑक्टोबर २०२३

आज पेपरात पहिल्या पानावर पद्मिनी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी काल रस्त्यावरून कायमची गेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची नोंदलेली गाडी ताडदेव आरटीओची, २००३ च्या २९ ऑक्टोबरची होती. बाबांनी कात्रण कापून निळ्या फाइलमध्ये ठेवलं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या सगळ्या गाड्या, आणि आमची त्यातलीच एक.

११ नोव्हेंबर २०२३

मिस्त्रीकाका घरी आले. गेली पंचवीस वर्षं हीच गाडी त्यांच्या हातात आहे. गाडीखाली सतरंजी टाकून अर्धा तास झोपून राहिले, बाहेर येऊन हात पुसत सांगितलं ते असं: इंजिन चांगलं, तेल खात नाही, गिअरबॉक्सचा सेकंड जरा कुरकुरतो पण चालेल. ब्रेकचे चारही व्हील सिलेंडर बदला (चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत हिला). पेट्रोलचे सगळे रबरी होस बदला, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय ते जुनं रबर खातं. आणि खालचा पत्रा.

पत्र्याचं ऐकून मला धडकी भरली. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. खालून जमिनीवरचा उजेड दिसला. तपकिरी भुगा बोटांना लागला, बिस्किटाच्या चुऱ्यासारखा. पुण्यात एवढा गंज, तर जिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात तिथे काय होईल. काका म्हणाले ताई, इथेच कापून नवा पत्रा लावू, तिकडे वेल्डिंगवाला तासाचे किती घेईल विचार करा.

ठरलं. डेंटिंगपेंटिंग नको, रंग आहे तसाच राहू दे, पण खालची बाजू पूर्ण करायची.

२ डिसेंबर २०२३

पार्टसाठी नाना पेठेत दोन चकरा झाल्या. व्हील सिलेंडरचे किट, होस, पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, वॉटर पंपचं किट मिळालं. दारांचे आणि पुढच्या काचेचे रबर मिळाले नाहीत. एका दुकानदाराने सांगितलं कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, टॅक्स्या तोडल्या त्यांचा माल तिथे आहे. गेले नवऱ्याला घेऊन. खरंच मिळालं, दोन डायनामो, एक पूर्ण कार्बोरेटर, मागच्या दिव्यांच्या काचा, दारांचे हँडल. विकणारा चाचा प्रत्येक वस्तू हातात देताना ती कुठल्या साली बदलली ते सांगत होता, साडेतीन तास गेले तिथे आणि एक मिनिटही वाया गेलं असं वाटलं नाही.

तिकडे हे काहीच मिळणार नाही म्हणून सुटे पार्टही सोबत न्यायचेत. पण त्यांची नोंद सामानाच्या यादीत स्वतंत्र करायची, नाहीतर कस्टममध्ये प्रश्न येतो. एकेका वस्तूचा फोटो काढून यादी केली, एकूण ६३.

१६ जानेवारी २०२४

कंटेनरचा भाव नोव्हेंबरला घेतला होता, आज परत विचारला तर दुपटीच्या वर. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले चाललेत, मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून दिलंय, आता जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जातात, त्यात दीड-दोन आठवडे जास्त आणि इंधन जास्त. कोणाच्या हातातली गोष्ट नाही ही.

म्हणून बलेनोचा निर्णय आजच झाला, विकायची. दुसऱ्या कंटेनरचं भाडं, तिकडची तपासणी, बदल, हे सगळं धरलं तर त्यात तिकडे एक चांगली वापरलेली गाडी येते. रोजच्या वापराला तिकडचीच घ्यायची. जी कुठेच परत मिळणार नाही तीच न्यायची.

वीस फुटी कंटेनर पूर्ण आपला घ्यायचा ठरवलं, आत साधारण ५.९ मीटर लांबी आणि २.३५ मीटर रुंदी मिळते, पद्मिनी चार मीटरच्या आत आणि दीड मीटरपेक्षा अरुंद, म्हणजे दार उघडून उतरायला आरामात जागा आणि मागे घरच्या खोक्यांना पण जागा. दुसऱ्यांच्या सामानाबरोबर अर्ध्या कंटेनरात टाकायचा स्वस्त पर्याय होता, पण मध्ये कुठेतरी उघडतात, हलवतात, नको वाटलं.

१० फेब्रुवारी २०२४

खालचं काम संपलं. नवा पत्रा दोन्ही बाजूंना, वेल्डवर सीलर, वर जाड कोटिंग, आणि दारांच्या खालच्या पोकळ भागांत नळी घालून मेणासारखं औषध मारलं. काकांच्या पोराने दोन दिवस गाडीखाली काढले. मॅट परत टाकायच्या आधी मी हाताने पूर्ण फ्लोअर दाबून बघितला, कुठेही पत्रा दबला नाही.

आता तिकडच्या रस्त्यासाठी लागणारे बदल:

सीट बेल्ट. आपल्याकडे १९८१ ला बेल्ट द्यायचेच नाहीत, तिकडे १९६५ पासूनच्या गाड्यांना पुढच्या सीटला हवेतच. आणि गाडीत बेल्टच नसतील तर तीन वर्षांखालचं मूल तिच्यात नेताच येत नाही. आमची लेक सात वर्षांची आहे पण तिलाही बेल्टशिवाय बसवायचं नाही हे माझं ठरलेलं. पुढे दोन मागे दोन बसवले. नुसतं भोक पाडून बोल्ट मारून चालत नाही, मागून जाड पट्टी वेल्ड करून मग बोल्ट, ती पट्टी काकांनी स्वतः कापली.

मागचा धुक्याचा लाल दिवा. एप्रिल १९८० नंतरच्या गाडीला एक तरी हवा. गाडी दोन वर्षं आधीची असती तर लागला नसता. इलेक्ट्रिशियनने डावीकडे बसवला कारण ब्रॅकेट तिकडे सोपा बसत होता, घरी येऊन परत वाचलं तर एकच दिवा असेल तर तो मध्ये किंवा उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला हवा. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून घेतला. डॅशवर त्याचं बटण आणि पेटला की लागणारा छोटा पिवळा दिवा पण.

स्पीडोमीटर. तिकडे सगळ्या पाट्या मैलांत. मूळ मीटर काढायची इच्छा नव्हती म्हणून काचेवर ४८, ६४, ८०, ९६ आणि ११२ किमीच्या जागी बारीक खुणा करून ३० ४० ५० ६० ७० असे आकडे चिकटवले.

५ मार्च २०२४

गाडी बाहेर न्यायला आरटीओची एनओसी लागते, त्या कामाला लागले आणि अडकले. आरसीच्या स्मार्ट कार्डवर चेसिस नंबरमध्ये एक आकडा चुकलाय, ८ च्या जागी ३. जुनं पुस्तक कार्डावर चढवताना कधीतरी झालेलं, आणि इतक्या वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नाही, बाबांच्याही नाही. गाडीवर एक नंबर आणि कागदावर दुसरा असेल तर इथलं कस्टमही सोडणार नाही आणि तिकडे नोंदणीही होणार नाही.

बॉनेट उघडून पत्र्यावरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसला. बेचाळीस वर्षांचं काळं तेल निघालं. पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली तसे आकडे एकेक करून पांढरे उमटत गेले, चौथा आकडा स्वच्छ ८. बाबा मागे टॉर्च धरून उभे होते. डिलिव्हरीच्या बिलावरही ८. ते बिल नसतं तर काय केलं असतं.

२८ मार्च २०२४

दुरुस्ती व्हायला तीन आठवडे आणि सात चकरा लागल्या, इन्स्पेक्टरने गाडी समोर उभी करून घेतली, आणि आज नवीन कार्ड आलं. मग एनओसी, त्यासाठी गाडी चोरीची नाही याचा रिपोर्ट, पर्यावरण कराची पावती, चालू इन्शुरन्स, पीयूसी. री-रजिस्ट्रेशन २०२१ ला केलेलं, २०२६ पर्यंत आहे ते एक बरं. कस्टमच्या एजंटने विचारलं गाडी १९५० च्या आधीची नाही ना, तशा जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. नाही म्हणलं.

ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्या दिवशी पेन्सिल घेऊन चेसिस नंबर कागदावर उमटवून आरसीशी ताडून बघा. बाकी सगळं नंतर.

२२ एप्रिल २०२४

सहा महिने पूर्ण झाले त्यानंतर दोन दिवसांनी टीओआर१ भरला. पासपोर्ट, व्हिसा, इथे राहत असल्याचे पुरावे, नोकरीचं पत्र, रेडिंगच्या घराचा करार, गाडीची आरसी, सामानाची यादी. यादीत गाडी वेगळ्या ओळीत, मेक मॉडेल साल चेसिस नंबरसकट. उत्तर आलं की त्यात एक नंबर असतो, तो तिकडच्या क्लिअरिंग एजंटला द्यायचा.

८ मे २०२४

आज गाडी न्हावा शेव्याला पोचवली. ट्रकवर टाकायची होती, सगळे तेच म्हणत होते. बाबा म्हणाले घाट मी तिच्याबरोबर उतरणार. मग मी चालवली, बाबा शेजारी, नवरा मागून दुसऱ्या गाडीत.

पहाटे पाचला निघालो, जुन्या हायवेने. लोणावळ्याला चहा झाला. खंडाळ्याला बाबा म्हणाले सेकंडला टाक आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, ड्रम तापले की धरत नाहीत, इंजिनलाच धरू दे. पूर्ण घाट तसाच उतरले. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू करायला लावली आणि खिडकीतून नाणं टाकलं, दर वेळी टाकायचे तसं. लहानपणी मागच्या सीटवर आम्ही दोघं भावंडं त्या नाण्यासाठी भांडायचो कोण टाकणार म्हणून, आणि चढताना गाडी तापली की बाबा बॉनेट उघडून थांबायचे, आई डबा काढायची. आज टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.

यार्डात दुपारी एक वाजता नंबर लागला. टाकी जवळजवळ रिकामी करून घेतली, दोनेक लिटर ठेवलं फक्त चढवण्या-उतरवण्यापुरतं. फळ्यांच्या उतारावरून मीच आत नेली. आत अंधार आणि पत्र्याचा वास, इंजिनचा आवाज चारी बाजूंनी परत येत होता. बंद केली, बॅटरीच्या वायरी काढून टोकांना टेप लावली, गिअरमध्ये ठेवली. पोरांनी चारही चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे ठोकले, पट्टे चाकांतून घेऊन कंटेनरच्या कड्यांना ताणले. लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं, शिक्का मारलेलं लागतं नाहीतर तिकडे अडवतात, प्रत्येक ठोकळ्यावरचा शिक्का मी बघितला. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आतून टांगल्या. शेवटी एकाने हँडब्रेक ओढला, तेव्हा मला काही वाटलं नाही.

दार बंद व्हायच्या आधी बाबांनी डिकीवर दोनदा थोपटलं. येताना गाडीत ते झोपून गेले.

१४ मे २०२४

टीओआरचा नंबर परवा मेलवर आला. आज निघालो. निळी फाइल केबिन बॅगेत.

२६ जून २०२४

जहाज वळसा घालून फेलिक्सस्टोला लागलं. क्लिअरन्स झाला, ड्युटी शून्य, व्हॅट शून्य. इथून घड्याळ सुरू होतं, गाडी देशात आल्यापासून चौदा दिवसांत नोव्हा म्हणजे गाडी आल्याची सूचना कर खात्याला द्यावी लागते, ती दिल्याशिवाय पुढे नोंदणी होत नाही. त्याच रात्री भरली.

३ जुलै २०२४

ट्रकवरून गाडी घरी आली. बाहेरून एक ओरखडा नाही. सीटवर पांढरी बुरशी आलेली, ती व्हिनेगरच्या पाण्याने पुसली. पण मागची दोन्ही चाकं जाम. सात आठवडे समुद्राच्या हवेत हँडब्रेक ओढलेला, लायनर ड्रमला चिकटून बसले. खेचून काढायचा प्रयत्न केला नाही, चाकं काढली, ड्रमच्या कडेने लाकूड ठेवून हातोडीने हलकं ठोकत गोल फिरत गेले, व्हिडिओ कॉलवर मिस्त्रीकाका बघत होते, जोरात नको ताई, ऐकत रहा, आवाज बदलला की सुटला. दुसऱ्या ड्रमला चाळीस मिनिटं लागली. सुटला तेव्हा खरंच आवाज बदलला, ठक्कवरून टण्ण.

गाडी कंटेनरात ठेवताना गिअर आणि ठोकळे पुरेत. हँडब्रेक सोडून ठेवायला सांगा आणि तिथे उभं राहून बघा.

१९ जुलै २०२४

एमओटी सक्तीची नसली तरी करून घेतली. बाबा इथे असते तर त्यांनीही केली असती, आणि मला ही गाडी लेकीला बसवून चालवायचीये. नंबर प्लेट नसताना आधी ठरवलेल्या तपासणीला चालवत नेता येते, इन्शुरन्स चेसिस नंबरवर मिळाला. तपासणाऱ्या काकांनी खालून टॉर्च मारून फ्लोअरचं वेल्डिंग बघितलं आणि विचारलं हे कोणी केलं. सांगितलं. म्हणाले नीट केलंय. पहिल्या फेरीत नापास झाली, हँडब्रेक मागच्या डाव्या चाकाला कमी धरत होता. केबल ताणून पाच दिवसांनी परत नेली, पास. धुक्याचा दिवा त्यांनी मुद्दाम लावून बघितला.

पेट्रोल इथे साधं म्हणजे ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल), २०२१ पासून. जुन्या गाडीला महागातलं सुपर ई५ घालायचं. होस नवे असले तरी मी तेच घालतेय.

२ ऑगस्ट २०२४

नोंदणीचा अर्ज व्ही५५/५ पोस्टाने पाठवला. सोबत ओरिजिनल आरसी, एनओसी, एमओटीचा कागद, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, ५५ पौंड. टॅक्स शून्य असला तरी त्याच अर्जात हिस्टॉरिक म्हणून टॅक्स करून घ्यायचा असतो. ओरिजिनल आरसी पाकिटात घालताना हात थांबला, रंगीत कॉपी काढून ठेवल्या.

२९ ऑगस्ट २०२४

पत्र आलं, गाडी कधी बनली त्याचा पुरावा पाठवा. चूक माझीच, निळ्या फाइलमधलं डिलिव्हरीचं बिल मी जपून ठेवायचं म्हणून पाठवलंच नव्हतं, नुसती झेरॉक्स जोडली होती. आणि बनवणारी कंपनी आता गाड्या बनवत नाही, मग दाखला कोण देणार. आज ओरिजिनल पाठवलं, रजिस्टर्ड पोस्टाने. बाबांना फोन केला, म्हणाले पाठव, कागद कामाला यावा म्हणूनच ठेवलेला.

४ ऑक्टोबर २०२४

व्ही५सी, म्हणजे इथली आरसी, आली. बिल परत आलं, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. गाडी सप्टेंबर १९८१ ची धरली म्हणून नंबरच्या शेवटी एक्स हे अक्षर, ऑगस्ट १९८१ पासून वर्षभर इथे तेच चालायचं. काळी प्लेट हवी होती फार, आपल्याकडे खाजगी गाड्यांना तेव्हा काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं असायची, बाबांच्या जुन्या फोटोंत तीच आहे. पण इथे ती १९८० च्या आधी बनलेल्या गाडीलाच लावता येते. दुकानात व्ही५सी आणि ओळखपत्र दाखवून पुढे पांढरी मागे पिवळी करून घेतली. जुनी पुण्याची प्लेट गॅरेजच्या भिंतीवर लावली.

६ ऑक्टोबर २०२४

पहिली खरी फेरी. सकाळी साडेसातला, रस्ते ओले, गाडीत हीटर नाही त्यामुळे पुढची काच आतून धूसर, लेकीच्या हातात फडकं दिलं. थेम्सवरचा पूल ओलांडून केव्हर्शम, वर टेकडीला सेकंडवर, परत. पेट्रोल पंपावर एक आजोबा जवळ आले, त्यांच्याकडे तरुणपणी फियाट ११०० होती (पद्मिनी तिच्यावरूनच बनलेली), दार उघडू का विचारलं, आणि उघडून तसंच बंद केलं, फक्त त्या आवाजासाठी.

घरी येऊन इंजिन चालू ठेवूनच बाबांना व्हिडिओ कॉल केला, पुण्यात दुपारचा एक. फोन बॉनेटपाशी धरला. आई मागून प्लेट दाखव प्लेट दाखव म्हणत होती. बाबा म्हणाले गप्प बस जरा. कान लावून ऐकलं आणि म्हणाले दुसऱ्या सिलेंडरचा टॅपेट वाजतोय, गार झाली की फीलर गेज घालून फट बघ. गेज लाल डब्यात आहे, यादीतला एक्केचाळीस नंबर.

संध्याकाळी बघितलं. दुसऱ्याचाच होता.